अडीच इंची गरम पाणी

डॉक्टरांना औषधं शिकवतात, हाडं शिकवतात, भूगोल मात्र शिकवत नाहीत. नाहीतर धाराशिव जिल्ह्यातल्या माणसाला "रोज अर्धा तास पोहत जा" असा सल्ला कुणी दिला असता? हाच सल्ला कोल्हापूरच्या माणसाला दिला तर तो पंचगंगेकडं बघतो. कोकणातल्या माणसाला दिला तर तो समुद्राकडं बघतो. धाराशिवच्या माणसाला दिला की तो आभाळाकडं बघतो.

माझे गुडघे जिना चढताना बोलतात. उतरताना तर भांडतात. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरला, आधी माझ्या गुडघ्यांकडं आणि मग जरा जास्त वेळ माझ्या पोटाकडं पाहिलं.

"चालू नका, पळू नका. पोहा. पोहण्यात गुडघ्यावर भार येत नाही."

"कशात पोहू?"

"पाण्यात."

"ते कुठाय?"

"ते तुम्ही बघा. मी हाडांचा आहे."

आता आमच्याकडं पाऊस पडतच नाही, असं कुणी समजू नये. वर्षाची सरासरी ७०० मिलिमीटरच्या पुढंमागं आहे, आणि कागदावर ती वाचताना अंग ओलं होतं. पण हा पाऊस बदलीच्या ऑर्डरची वाट बघणाऱ्या साहेबासारखा येतो. सामान सोडत नाही, ओळख करून घेत नाही, चार दिवस धुमाकूळ घालून निघून जातो. बालाघाटावर पडलेलं पाणी थोडं तेरणा-मांजरेतून गोदावरीला मिळतं, थोडं सीना-बोरीतून भीमेला. वाटा दोन, पण मुक्काम एकच, बंगालचा उपसागर. २०२३ मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं, पाट्या बदलल्या, शिक्के बदलले. पावसाला मात्र परिपत्रक पोचलेलं नाही.

आमच्या मामांचंच बघा. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं, ती गाडी आमच्या स्टेशनातून जायची. लोक स्टेशनावर पाहुण्यांना सोडायला जातात, मामा पाणी बघायला गेले. टाक्या बंद, आत काय ते दिसत नाही, तरी मामा प्रत्येक वाघिणीला हात जोडत उभे होते. परत आल्यावर म्हणाले, "लै पाणी हाय राव लोकांकडं."

तर अशा जिल्ह्यात मी पोहण्याच्या जागेचा शोध सुरू केला.

पहिली जागा विहीर. पोहायला मी विहिरीतच शिकलो. आमच्याकडं पोहणं शिकवत नाहीत, ढकलतात. पाठीला वाळका भोपळा नाहीतर तेलाचा रिकामा डबा बांधायचा, कठड्यावर उभं करून "ते बघ, विमान" म्हणायचं आणि मागून लाथ घालायची. जो वर येतो त्याला पोहता आलं, असं धरतात. हिवाळ्याच्या पहाटे विहिरीवर वाफ दिसते आणि पाणी चक्क कोमट लागतं. जमिनीखाली वीस-तीस फुटांवर थंडी-उन्हाळ्याचा फारसा पत्ता लागत नाही. तिथलं पाणी वर्षभर जवळपास एकाच तापमानाचं असतं, म्हणून ते जानेवारीत गरम वाटतं आणि मे महिन्यात गार. मे महिन्यात ते असलं तर.

अडचण वेगळीच आहे. आम्हाला पोहायला सवड असते तेव्हा विहिरीत पाणी नसतं, आणि विहीर भरते तेव्हा सोयाबीन काढणीला आलेलं असतं. शिवाय विहीर सामाईक. सातबाऱ्यावर चुलत्यांचे आणि चुलत भावांचे हिस्से, मोटरीच्या पाळ्या ठरलेल्या. त्यात पोहण्याची पाळी कुठंच नाही. मी हिय्या करून एकदा कठड्यावर टॉवेल ठेवला, तर तिथंच दोन चुलत भावांची जुंपली. मी पोहलो तर ते माझ्या हिश्श्यात धरायचं की सामाईकात? धाकट्याचं म्हणणं, पोहल्यानं पाणी कमी होत नाही. थोरल्याचं म्हणणं, एवढा मोठा माणूस बाहेर येताना अंगाबरोबर किती पाणी घेऊन येतो, त्याचा हिशेब कोण देणार? प्रकरण मोजणीपर्यंत जाईल अशी चिन्हं दिसताच मी टॉवेल उचलला.

दुसरी जागा पोहण्याचा तलाव. एका ठिकाणी फोन लावला. गाव सांगत नाही.

"तलाव चालू आहे का?"

"तयार आहे की. फरशी बसली, शिडी बसली, उद्घाटन बी झालं."

"मग पोहायला येऊ?"

"या. पाणी पुढच्या टप्प्यात आहे."

तिसरी जागा म्हणजे आमचं वैभव, नळदुर्ग. बोरी नदीवर बंधारा घालून त्याच्या पोटात आदिलशाहीतल्या कारागिरांनी पाणी महाल बांधला. पावसाळ्यात पाणी चढलं की नर आणि मादी असे दोन धबधबे बंधाऱ्यावरून कोसळतात, आणि आत महालात बसलेल्या माणसाच्या अंगावर थेंब पडत नाही. आमच्या जिल्ह्यातल्या सर्वांत सुंदर जलवास्तूची ख्याती काय, तर आत गेलेला माणूस कोरडा बाहेर येतो. यावरून बाकीचं ओळखावं.

अशा वेळी पुण्याहून भाचा आला. तो कंप्युटरमध्ये आहे, त्यामुळं त्याला सगळ्या जगातलं माहीत असतं आणि घरातलं काही माहीत नसतं. त्यानं मोबाइलवर आइसलँडचं ब्लू लगून दाखवलं. आजूबाजूला काळे दगड, मधे दुधाळ निळं पाणी, त्यातून वाफा आणि वाफांत गळ्यापर्यंत बुडालेली गोरी माणसं.

"मामा, गुडघ्यांना असलं पाणी पाहिजे. नॅचरल."

मग त्यानंच पुढं वाचलं आणि त्याचा आवाज उतरला. ते पाणी तसं नैसर्गिक नाही. जमिनीतली उष्णता वापरून वीज करणारं स्वार्त्सेंगीचं केंद्र शेजारी आहे. तिथून सोडलेलं पाणी लाव्हाच्या दगडांत साठत गेलं आणि लोक त्यात जाऊन बसायला लागले.

आत्या भाजी निवडत होती. ती थांबली. "म्हंजी वीजघराचं सांडपाणी?"

"हो, तसंच काहीसं."

"आन् त्याला तिकीट?"

"बरंच."

"मग आपल्या न्हाणीमागं किती वर्सं फुकट वाहून चाललंय," आत्या म्हणाली, आणि पुन्हा मेथीला लागली.

भाच्यानं हार मानली नाही. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं देशात तीनशेहून जास्त उष्ण झरे नोंदले आहेत, असं त्यानं सांगितलं आणि महाराष्ट्रातली नावं वाचायला घेतली. वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी. पालीजवळचं उन्हेरे. दापोलीकडचं उन्हवरे. संगमेश्वराकडचं तुरळ, राजवाडी. आम्ही ऐकत गेलो आणि आमचे चेहरे पडत गेले. सगळी यादी कोकणात. ज्यांच्या दारात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, त्यांनाच वर गरम पाणी. देव देतो तेव्हा गिझरसकट देतो. जळगावकडं उनपदेव आहे, पण ते खानदेशात. आणि मग भाचा ओरडला, "मराठवाड्यात आहे एक! उनकेश्वर!"

मराठवाड्यात, म्हणजे घरचंच की. नकाशा उघडल्यावर कळलं की घर जरा लांबट आहे. मराठवाड्याचे जिल्हे आठ. एका कोपऱ्यात आम्ही सोलापूरला खेटून, आणि उनकेश्वर दुसऱ्या कोपऱ्यात, नांदेड जिल्ह्यात किनवटच्या पट्ट्यात, पैनगंगेच्या काठी. नदी ओलांडली की विदर्भ. अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. गुडघ्यावर भार येऊ नये म्हणून साडेतीनशे किलोमीटर गुडघे दुमडून बसायचं ठरलं.

मी एकटा जाणार होतो. पण आमच्याकडं माणूस एकटा फक्त तहसीलला जातो. आत्यानं विचारलं, "उनकेश्वराजवळ काय हाय?"

भाचा बोलून गेला, "माहूर."

संपलं. साडेतीन शक्तिपीठांपैकी तुळजापूर आमच्या घरचं, कोल्हापूर झालेलं, वणीचं अर्धं झालेलं. माहूरची रेणुका तेवढी आत्याच्या हिशेबात राहिली होती. गुडघ्यांची सहल पाच मिनिटांत यात्रा झाली. मग बायको आली, कारण आत्या आली. मामा आले, कारण पाणी होतं. दाजी आले, कारण क्रूझरमध्ये एक जागा उरली होती आणि उरलेली जागा रिकामी नेणं हे आमच्या गावात पाणी वाया घालवण्याइतकंच मोठं पाप आहे.

दाजींची ओळख करून द्यायला हवी. दाजी पाणाडे आहेत. तळहातावर नारळ आडवा ठेवून ते रानातून चालतात आणि जिथं नारळ उभा राहील तिथं बोर घ्यायला सांगतात. बोर कोरडा गेला तर दोष नारळाचा. पाणी लागलं तर दाजींचं जेवण. दाजींची तब्येत बघून लोकांना वाटतं की त्यांच्या हाताला गुण आहे. खरं तर ते बोर घेण्याच्या आदल्या दिवशीच जेवून घेतात.

निघण्याआधी मी कापडाच्या दुकानात गेलो.

"पोहायची चड्डी आहे का?"

"कितव्या वर्षाची?"

"म्हणजे?"

"मुलगा कितव्या वर्षाचा?"

"मला पाहिजे."

दुकानदारानं टेप गळ्यातून काढली, माझ्या कमरेकडं पाहिलं आणि टेप परत गळ्यात घातली. "आपल्याकडं त्याला गिऱ्हाईक नसतंय ओ. लंगोट दाखवू? नाहीतर सायकलवाल्यांची हाय एक, ती ताणती." ती ताणली. किती ताणली, याची साक्ष पुढं कुंडात मिळाली.

येळवस नुकतीच झाली होती, हवेत गारठा होता. घरात सामानाची बांधाबांध सुरू झाली. कडक भाकरी, शेंगाचटणी, चादरी, आणि तेलाचे पाच-पाच लिटरचे रिकामे कॅन. मी बायकोला विचारलं, "कॅन कशाला?" तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी धाराशिवचा आहे की नाही याचीच तिला शंका आली. आमच्याकडचा माणूस लग्नाला जातो तेव्हाही गाडीत रिकामा कॅन असतो. कुठं पाणी चांगलं लागेल, सांगता येत नाही.

लातूर, अहमदपूर, लोहा करत नांदेडला आलो. वाटेत प्रत्येक पुलावर गाडीतली सगळी मुंडकी एकाच बाजूला वळायची. दुसऱ्या जिल्ह्यांतली माणसं प्रवासात देवळं बघतात, आम्ही नदीचं पात्र बघतो. "हाय का?" "डबरं हाय." "हितं?" "हितं वाळू हाय." नांदेडला गोदावरी दिसली आणि गाडीत शांतता पसरली. भाच्यानं विष्णुपुरीच्या उपसा सिंचनाची माहिती सांगायला सुरुवात केली, पण ऐकायला कुणी नव्हतं. मामा काचेला नाक लावून बसले होते. बऱ्याच वेळानं म्हणाले, "एवढं पाणी असून ही माणसं सरळ रस्त्यानं कामाला चालली. उभी राहून बघत बी नाहीत."

भोकर, हिमायतनगर मागं पडलं आणि किनवटकडं सागाची झाडी सुरू झाली. सकाळच्या थंडीत उनकेश्वराला पोचलो. देवदर्शन झालं. तिथल्या एका म्हाताऱ्या बाबांनी कथा सांगितली. शरभंग ऋषींचं अंग रोगानं ग्रासलं होतं. वनवासात राम आले, त्यांनी बाण मारला आणि जमिनीतून गरम पाणी उसळलं. ऋषी बरे झाले. भाचा माझ्या कानात कुजबुजला, "जळगावच्या उनपदेवलाही हेच ऋषी आणि हाच बाण सांगतात." मी त्याला गप्प केलं. ऋषींना गुडघे असतील, तर एका झऱ्यानं भागलं नसेल.

मामांचा प्रश्न वेगळा होता. "किती फुटांवर लागलं?"

बाबा गोंधळले. "काय?"

"पाणी. बाण किती फूट गेला?"

"ते देवाचं काम, भाऊ. एका बाणात आलं."

"एका बाणात," मामा माझ्याकडं वळले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "केसिंग बी न टाकता."

मग खाली कुंडाकडं गेलो. पाण्यावर वाफ तरंगत होती. आत गळ्यापर्यंत बुडून काही मंडळी डोळे मिटून बसली होती. गंधकाचं पाणी आहे, कातडीच्या रोगांना चांगलं, असं लोक सांगतात आणि लांबून येऊन बसतात. मी सायकलवाल्यांची चड्डी चढवली, हातपाय मोकळे केले, शाळेतल्या पीटीचे दोन प्रकार केले आणि पाण्यात शिरून हात मारले. दुसऱ्या हाताला एका आजोबांचं पोट लागलं. वळलो, तर दुसऱ्या एकांचा खांदा. पाय झाडले तर मागून आवाज आला, "अरे भाऊ, काय करून राह्यले?"

"पोहतोय."

"कायले? बसा ना."

जगभरच्या गरम झऱ्यांचं रहस्य मला तिथं कळलं. ते पोहायला नसतात, बसायला असतात. शर्यतीच्या तलावाचं पाणी २५ ते २८ अंशांचं ठेवतात, कारण पोहणाऱ्याचं अंग आतून तापतं आणि ती उष्णता पाण्यानं ओढून घ्यावी लागते. अंगापेक्षा गरम पाण्यात हातपाय मारले तर उष्णता जाणार कुठं? माझी डोक्याकडं गेली. चार हात मारून मी पायरीवर चढायला उठलो, तर पायऱ्या दुप्पट झालेल्या आणि दोन बाबा मला एकच उपदेश करत होते. गरम पाण्यात रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब उतरतो, एकदम उठू नये, हे भाच्यानं मला सांगितलं, पण मी आडवा झाल्यावर. चड्डीही सैलावली होती. ते रक्तवाहिन्यांत धरता येत नाही.

शेवटी मीही बसलो. आणि काय सांगू, पाच मिनिटांत गुडघे बोलायचे थांबले. पोटापर्यंत ऊब, डोक्यावर जानेवारीची थंडी, कुणाची पाळी नाही, कुणाचा हिस्सा नाही. मी डोळे मिटले. जन्मात पहिल्यांदा मी पाण्यात होतो आणि घाई नव्हती.

ही अवस्था टिकली असती, पण माझ्या सोबत धाराशिव जिल्हा आला होता.

काठावर मामा बाबांना गाठून बसले होते.

"मोटर कितीची हाय?"

"मोटर नाही. आपसूक येते."

"आन् लाइट गेल्यावर?"

"तरी येते."

"रात्रपाळीला?"

"चोवीस तास येते, भाऊ."

मामांनी टोपी काढली. रामाच्या बाणावर त्यांनी एवढा विश्वास दाखवला नव्हता. ज्या माणसानं शेतीच्या लाइटीसाठी उभ्या जन्मात रात्री जागवल्या, आठवडाभर दिवसाची आणि आठवडाभर रात्रीची लाइट सांभाळत विंचवाच्या रानात बॅटरी घेऊन बारी धरली, त्याच्यासमोर लाइटशिवाय चोवीस तास पाणी. मग ते कुंडातून जिथं पाणी बाहेर पडत होतं तिथं गेले, बोटं लावून मापलं, आणि तिथूनच हाक मारली, "अडीच इंची असंल!"

कुंडातले दोघं-तिघं डोळे उघडून वळले. मामांचं गणित चालू झालं होतं. "अडीच इंची, चोवीस तास. ठिबकवर पाच एकर ऊस आरामात निघतो."

पाणी दिसलं की आमच्या माणसाला ऊस दिसतो. थेंब दिसला तर बेणं आठवतं, आणि दोन दिवस पाऊस पडला तर कारखान्याची नोंद आठवते. भाचा म्हणाला, "मामा, गरम पाण्यानं ऊस जळेल."

"आधी शेततळं करायचं. थंड करायचं. मग सोडायचं."

"पण इथं लोक अंघोळ करतात ना?"

"करू दे की. शेततळ्याच्या आधी करू दे."

दरम्यान बायकांच्या बाजूनं आवाज वाढला. आत्यानं आठवड्याची धुणी बरोबर आणली होती. तिचं म्हणणं साधं होतं. घरी बंबात लाकडं घालावी लागतात, इथं आयतं कढत पाणी, तर अंग एकटं का धुवायचं? तिथल्या बाईंनी तिला सांगितलं की कुंडात साबण चालत नाही. भाच्यानं मधे तोंड घातलं, "आत्या, जपानमध्ये तर कुंडात उतरायच्या आधी बाहेर घासून अंघोळ करावी लागते."

"अंघोळ करून अंघोळीला जायाचं?" आत्यानं विचारलं. "मग त्यांच्याकडं पाणी लै असणार."

आणि दाजी? दाजी कुंडाच्या मधोमध उभे होते. कमरेएवढं पाणी, डोळे अर्धे मिटलेले आणि उजव्या तळहातावर देवाला फोडायला आणलेला नारळ. ते हळूहळू एक-एक पाऊल टाकत होते. बसलेली माणसं पाय आखडून वाट देत होती. एका जागी नारळ थरथरला. थोडा कलला. आणि उभा राहिला.

"हितं पाणी हाय!" दाजी म्हणाले.

कुंडात कुणी काही बोललं नाही. शेवटी ज्या आजोबांच्या पोटाला माझा हात लागला होता, त्यांनी शांतपणे विचारलं, "भाऊ, तुमी कुठले?"

मी डोळे घट्ट मिटून घेतले. पण मामांनी काठावरून अभिमानानं सांगितलं, "धाराशिव!"

"आं," आजोबा म्हणाले. त्यांना सगळा उलगडा झाला होता.

माहूरचं दर्शन चांगलं झालं. परतीच्या वाटेवर आत्यानं कुंडावर भरून घेतलेल्या कॅनला हात लावून पाहिला आणि ती हबकली. पाणी गार झालेलं. "फसवलं," ती म्हणाली. घरी नेऊन शेजारणींना गरम पाणी दाखवायचं होतं तिला. भाच्यानं सांगितलं, ते जमिनीत खूप खोल जातं म्हणून तापतं. एक किलोमीटर खोल गेलं की साधारण २५ ते ३० अंशांनी गरमी वाढते. मग कुठं भेग सापडली की तेच पाणी थंड व्हायच्या आत वर येतं. कॅनला तशी सोय नाही.

"म्हंजी खोल गेलं की गरम?" दाजींनी विचारलं. ते बराच वेळ गप्प होते. त्यांच्या डोक्यात काहीतरी उगवत होतं, आणि आमच्या घराण्याचा अनुभव असा की दाजींच्या डोक्यात उगवलेलं कुणाच्या तरी रानात उपसावं लागतं.

झालंही तसंच. गावी आल्यावर काही दिवसांतच थोरल्या चुलत भावाच्या रानात बोरची गाडी उभी राहिली. गाडी तमिळनाडूची, पोरं तमिळ, भाव मात्र मराठीत. रात्रभर धुरळा उडत राहिला. तीनशे फूट, कोरडं. पाचशे, फुफाटा. सातशे फुटांवर भावानं देवाला कौल लावला, आठशेवर बायकोच्या बांगड्यांकडं पाहिलं, नऊशेवर बोरचालकानं हातानं "बस?" अशी खूण केली, आणि तेवढ्यात पाइपातून चिखल आला, मग राडा, मग बारीक धार.

दाजींनी धारेत हात घातला आणि ओरडले, "गरम हाय!"

हे खरंही होतं. नऊशे फूट म्हणजे पाव किलोमीटरच्या वर. एवढ्या खोलीवर पाणी वरच्यापेक्षा सात-आठ अंशांनी गरम असणारच, आमच्याकडच्या खोल बोरचं असतंच. पण भाचा पुण्याला गेला होता आणि विज्ञान त्याच्यासोबत गेलं होतं. सकाळपर्यंत निम्मं गाव जमलं. कुणी हळद-कुंकू वाहिलं. कुणी बाटल्या भरल्या. कुणाच्या तरी कोपराचं दुखणं उभ्या उभ्या थांबलं. आत्यानं धुणं आणलं, आणि यावेळी तिला कुणी अडवलं नाही.

दुपारी पारावर बैठक बसली. एका गटाचं म्हणणं, बांधीव कुंड करायचं, पायऱ्या करायच्या, बायकांचं वेगळं, पुरुषांचं वेगळं, तिकीट लावायचं. तुळजापूरला येणारी गर्दी इकडं वळवायची. दुसऱ्या गटाचं म्हणणं, ऊस. मामा दोन्ही गटांत होते. त्यांची योजना अशी की माणसं बसवलेलं पाणी पुढं उसाला सोडायचं, म्हणजे पाण्याचा प्रत्येक थेंब दोनदा कामाला येईल. पाणी किती इंची आहे, हे कुणी विचारलं नाही. बोर घेणाऱ्या पोरांनी जाताना अंगठा आणि बोट जवळ आणून दाखवलं होतं, पण ते तमिळमध्ये असावं असं सगळ्यांनी धरलं.

मोटर टाकली. पहिल्या दिवशी अर्धा तास चालली. दुसऱ्या दिवशी हंडाभर पाणी आलं. शिमग्यापर्यंत बोरनं नुसती हवा टाकायला सुरुवात केली. हवा गरम आहे, असं दाजींनी निदर्शनास आणलं.

कुंड समिती मात्र जोरात आहे. पावतीपुस्तकं छापली. नावावरून दोनदा मारामारी होता होता राहिली. अध्यक्षपदासाठी थोरला चुलत भाऊ आणि मामा समोरासमोर आहेत. गावात गरम पाण्याचा अनुभव असलेला आणि पोहता येणारा माणूस मी एकटाच निघाल्यानं तांत्रिक सल्लागार म्हणून माझी एकमतानं निवड झाली आहे. पहिल्याच बैठकीत मी कुंड किती खोल असावं यावर अर्धा तास बोललो. ठराव मंजूर झाला. पाणी पुढच्या टप्प्यात आहे.